लाइन, माइक आणि मामा

"ही वायर कुठं जाते?"

माझ्या स्टुडिओत पाऊल टाकलं की मामांचं पहिलं वाक्य हे असायचं. नमस्कार नाही, पाणी नाही, टेकणं नाही. खांद्यावरची बेस गिटार भिंतीला उभी करायची, खाली उकिडवं बसायचं आणि फरशीवरची वायर चिमटीत धरायची. मग ती चिमूट सरकवत सरकवत टेबलाखालून, खुर्चीच्या पायांमधून, जिथे वायर संपते तिथपर्यंत जायचं. एखादी वायर भिंतीतल्या भोकातून माझ्या खोलीत शिरत असेल, तर उठून, दार उघडून, पलीकडे येऊन तिचं दुसरं टोक बघायचं. चार वर्षांत वायरी त्याच होत्या, भोकही तेच होतं. तरी प्रत्येक वेळी ही प्रदक्षिणा ठरलेली.

सुरुवातीला मी इमानेइतबारे उत्तर द्यायचो.

"मामा, ही कॉम्प्युटरला जाते."

"आणि तिथनं?"

"तिथून कुठे नाही."

"कुठं नाय कशी? कुठंतरी जातच असेल ने."

पुढे पुढे मी उत्तर देणं सोडून दिलं. प्रदक्षिणा होईपर्यंत चहा पिऊन घ्यायचो.

मी डहाणू रोडला, आशागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही भलतं आणू नका. खाली चिकूच्या खोक्यांचं गोदाम, वर माझ्या दोन खोल्या. एकीत मी आणि कॉम्प्युटर, दुसरीत वाजवणारा, मध्ये काच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. आधी मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. मांडव फिरून फिरून एक कळलं, की आमच्या भागात लोक लग्नाचा व्हिडिओ एकदा बघतात आणि लग्नातलं गाणं वर्षभर वाजवतात. म्हणून गाण्यांकडे वळलो. तलासरीपासून सायवनपर्यंतचे गायक येतात, हळदीचं, मांडवाचं, गौरीचं गाणं करून घेतात, मोबाइलवर सोडतात, आणि आठवड्याभरात ते कुठल्या तरी डीजेवर दणदणत असतं.

आता तुम्ही म्हणाल, असल्या गाण्यांना खरीखुरी बेस गिटार कशाला हवी? कीबोर्डवर होतं की ते काम. मलाही तसंच वाटायचं. मग एका गायकाबरोबर मामा आले. तो त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. तलासरीच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला त्यांचा पाडा. पावसाळ्यात भात आणि नागली, आणि पिकं घरात आली की लग्नाच्या बँडमध्ये बेस. टेम्पोवर उभं राहून वाजवत गुजरातच्या हद्दीपर्यंत वराती पोचवलेला माणूस. त्यांनी पहिल्या गाण्यात चार सूर वाजवले आणि मी कीबोर्डवर केलेला बेस त्याच दिवशी पुसून टाकला. माझा बेस एका जागी उभा राहून धपधप करायचा. मामांचा बेस नाचणाऱ्यांबरोबर चालत होता.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. व्हिडिओच्या धंद्यात इतक्या जणांनी माझं शूटिंग स्वतःच्या नावावर खपवलं, की माणूस हसून बोलायला लागला की माझा हात आधी कॅमेऱ्याच्या बॅगेवर जातो. तेव्हा एक संशयी काचेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, असा आमचा संसार सुरू झाला.

पहिल्याच दिवशी मी त्यांना डीआय बॉक्स दाखवला. पानाच्या डब्याएवढी पत्र्याची डबी. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट सरळ कॉम्प्युटरला. तिला आम्ही लाइन म्हणतो. दुसरी अ‍ॅम्पला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, आणि पेटीसमोर माइक. लाइनमध्ये तारेचा आवाज स्वच्छ येतो, बोट कुठे पडलं ते कळतं. माइकमध्ये खोलीतली हवा येते, पेटीचं लाकूड येतं, पोटात बसणारा धक्का येतो. दोन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करायचे आणि मागाहून हवे तसे मिसळायचे. मी हे सगळं हातवारे करून, जरा शिष्टपणेच समजावलं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे एका माणसाचे दोन फोटो काढता."

"तसंच म्हणा."

"मग खरा कुठला?"

"दोन्ही खरे."

"दोन्ही कसे खरे असतील? एक तुम्ही दाखवाय ठेवणार, एक लपवाय."

वाजवून झालं, मी दोन्ही आवाज एकत्र करून ऐकवले. मामांच्या कपाळाला आठी पडली.

"माझा बेस कुठं गेला?"

"हा काय, वाजतोय की."

"अर्धाच हाय. मधल्या मधी कोणीतरी खाल्ला."

मला राग आला. पहिल्याच दिवशी चोरीचा आळ! पण कान देऊन ऐकलं तर बेस खरोखरच खंगलेला वाटत होता. लाइनमधून आवाज आधी पोचतो, माइकमधून केसभर उशिरा. कधी कधी दोघे अशा तऱ्हेने भेटतात, की एक पुढे ढकलत असतो तेव्हा दुसरा मागे ओढत असतो, आणि दोघांत मिळून आवाजाचं पाणी होतं. त्यावर इलाज म्हणजे एक बटण. एक आवाज उलटा करायचा. मी ते दाबलं आणि बेस पुन्हा अंगावर आला. खाली गोदामातल्या खोक्यांनाही थरथर जाणवली असेल.

"खाल्ला होता ने," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी माइकची जागा खडूने आखून घेतली. पेटीच्या कापडापासून चार बोटं लांब आणि मधोमध नाही, जरा बाजूला. चार बोटं त्यांची. माझी बोटं त्यांना चालली नाहीत, ती बारीक आहेत म्हणाले. असे तिखट कान मी आमच्या भागात दुसरे पाहिले नव्हते, आणि हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर बोललोही. त्यावर त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. स्तुतीमागे काय डाव आहे, ते शोधत असावेत.

त्यांच्या गिटारच्या तारा कधीच्या होत्या देव जाणे. काळ्या पडलेल्या, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेल्या. घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तारांच्या खाली, जुन्या रबरी चपलेचा एक कापलेला तुकडा खोचलेला. मी हसलो. आणि हसल्यावर न राहवून नव्या कोऱ्या तारा मागवल्या, त्यांच्यापुढे ठेवल्या. मामांनी एक तार उलगडली, बोटाने ताणली, नखाने वाजवली आणि परत गुंडाळून पाकिटात घातली.

"ही लय बोलते. आपल्याला कमी बोलणारी पायजे."

"आणि तो चपलेचा तुकडा?"

"तो तिला जागेवर गप्प करतो. नायतर एक सूर दुसऱ्याच्या घरात घुसतो."

त्या तुकड्याचं महत्त्व मला गाणं डीजेवर ऐकल्यावर पटलं. बाकीच्यांचा बेस मोठ्या स्पीकरवर नुसता घोंघावतो, मामांचा प्रत्येक सूर उठायचा आणि बसायचा. आज माझ्या टेबलाच्या खणात मीही तसला एक तुकडा ठेवतो. कोणी विचारलं तर माझी युक्ती म्हणून सांगत असे, हेही कबूल करतो.

कॉम्प्रेसर हा प्रकार मात्र मी त्यांना शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. जोरात वाजलेला सूर तो जरा दाबतो, म्हणजे सगळे सूर एका उंचीचे होतात, एवढं मी सांगितलं.

"मी जोरात मारणार आणि तुम्ही दाबणार?"

"थोडंसंच."

"मग मी जोरात मारलं कशाला? मी येडा हाय?"

पहिली दोन वर्षं अशी गेली. नंतर मामांचं वागणं बदलत गेलं, आणि माझ्या डोक्यातला किडा तिथून वळवळायला लागला.

आमच्याजवळून रेल्वे जाते. मालगाडीचा हॉर्न गोधड्यांना भीक घालत नाही, थेट माइकमध्ये येतो. पहिल्यांदा पहिल्यांदा मला ऐकू यायच्या आधी मामा हात वर करून थांबायचे. "गाडी येते," म्हणायचे, आणि खरंच यायची. नंतर थांबेनासे झाले. हॉर्न खोलीत दणाणतोय, मी काचेआड दोन्ही हात हलवतोय, आणि मामा माझ्याकडे बघत बघत वाजवतायत. मी म्हटलं, माणूस चढला. मग मी म्हणायला लागलो की मामा, अ‍ॅम्पचं सोडा, नुसती लाइन घेऊ, म्हणजे गाडी आली तरी फिकीर नाही. तुम्ही हेडफोन लावून ऐका.

"पेटी पायजे," ते म्हणाले.

"पण का?"

"कानात तुम्ही काय सोडाल, मला काय ठाव."

पेटी तर पाहिजेच, वर आता ते पेटीकडे तोंड करून, चप्पल काढून, उजवा पाय पेटीच्या लाकडाला लावून बसायला लागले. मला त्यांची पाठ आणि माइकमध्ये त्यांचा श्वास. मी तक्रार केली तर म्हणाले, "तारपा वाजवणाऱ्याला नाचणारे पाठ दाखवतात का कधी? मी पेटीला कशी दाखवू?" तारपा, म्हणजे आमच्याकडचं भोपळ्याचं फुंकवाद्य, आणि त्याच्याभोवतीचा नाच आम्ही लहानपणापासून बघतो. गोल कितीही फिरला तरी वाजवणाऱ्याकडे पाठ होत नाही, हे खरं आहे. त्यामुळे माझं तोंड बंद झालं, पण मन बंद झालं नाही.

आणखी बारीकसारीक गोष्टी होत्या. मी बोलायला लागलो की ते माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. अगदी टक लावून, जणू खोटं बाहेर पडताना पकडणार आहेत. फोन होता, पण कधी उचलायचे नाहीत. काम असलं की मामींच्या नंबरवर करायचा. आणि सगळ्यात खुपणारी गोष्ट म्हणजे, प्रत्येक गाणं झाल्यावर ते स्वतःचा मोबाइल माझ्या स्पीकरजवळ धरून अख्खं गाणं त्यात भरून घ्यायचे. मग मोबाइल रुमालात गुंडाळून खिशात.

"कशाला हो मामा?"

"माझ्याजवळ असू दे."

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात? मीही तेच समजलो.

आणि मग एका गायकाचं हळदीचं गाणं बाहेर पडायच्या आधीच भलत्याच कोणाच्या तरी नावाने मोबाइलवर आलं. आमचंच गाणं, माझ्याच स्टुडिओतलं, अजून नीट न मिसळलेलं. गायक माझ्या अंगावर आला. मी त्याला शांत केलं, पण माझ्या डोळ्यांपुढे रुमालात गुंडाळलेला मोबाइल नाचत होता.

मामांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. नुसतं बोलावणं बंद केलं. मामींचा दोनदा फोन आला, "यांना काय काम हाय का?" मी म्हटलं, सध्या काही नाही, असलं की कळवतो. काम भरपूर होतं.

बेसचं काय करायचं, हा प्रश्न मी ज्या पद्धतीने सोडवला ती सांगायला जीभ अडखळते, पण सांगतो. माझ्याकडे मामांच्या जुन्या गाण्यांचा ढीग होता. प्रत्येकात त्यांची लाइन वेगळी ठेवलेली. स्वच्छ, ना गाडीचा हॉर्न, ना खोलीची हवा. त्यातून चार-चार ठेके कापले, सूर वर-खाली केला, चाल ताणली किंवा आवळली आणि नव्या गाण्याखाली घातली. गाणं सुरेख उभं राहिलं. गायक खूश. मी तसंच दुसरं केलं, तिसरं केलं. एकाही गाण्याबद्दल मामांना कळवलं नाही.

काही महिन्यांनी, माझ्या अंगावर आलेला तो गायक हसत हसत आला. हळदीचं गाणं त्यानेच मेव्हण्याला ऐकायला पाठवलं होतं आणि मेव्हण्याने पुढे सोडलं होतं. घरातलंच भांडण, आता मिटलं म्हणाला. मीही त्याच्याबरोबर हसलो. त्या दिवशी तरी मी मामींना फोन करायला हवा होता. नाही केला. लाज वाटली म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की कापलेल्या तुकड्यांबरोबर काम करणं सोपं होतं. ते वायरी तपासत नाहीत आणि कॉम्प्रेसरवरून वाद घालत नाहीत.

पुढच्या लग्नसराईत, एका दुपारी, जिन्यावर पावलं वाजली. मामा आणि मामी. मामांच्या खांद्यावर गिटार नव्हती. वायरींकडे त्यांनी पाहिलंही नाही. मामींना मी पहिल्यांदा बघत होतो. बारीक, ताठ बाई, हातात कापडी पिशवी, नजर सगळ्या खोलीवरून फिरून माझ्यावर येऊन थांबलेली.

मामांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. सायवनकडच्या कुठल्या तरी लग्नात भरलेला आवाज. डीजे, शिट्ट्या, आरडाओरडा आणि त्या सगळ्याच्या खालून चालणारा बेस. मी लगेच ओळखला. माझ्या कापाकापीतलं तिसरं गाणं.

"हे मी वाजवलंय का?" मामांनी विचारलं.

मी भांडणाची तयारी करून उभा होतो आणि हा माणूस खरोखरच विचारत होता.

"यांचाच हात हाय," मामी म्हणाल्या. "मी वळखते."

"मी हे गाणं कवा वाजवलं नाय," मामा म्हणाले. "ही म्हणते, मीच. दोन दिवस भांडतोय आम्ही. तुम्ही सांगा आता."

आणि मी खोटं बोललो. "नाही मामा. गुजरातकडचा एक जण येतो हल्ली, त्याने वाजवलंय. थोडं तुमच्यासारखंच वाजवतो तो."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून मामींकडे पाहिलं. त्यांची ती नजर मी वायरींवर पाहिली होती, बटणांवर पाहिली होती, स्वतःवर तर कैक वेळा झेलली होती. मामींवर पडलेली पहिल्यांदा पाहिली.

"मग इतके दिवस तू मला काय सांगत होतीस?" ते म्हणाले.

मामा वळले आणि जिना उतरायला लागले.

मामी दारात थांबल्या. आवाज चढवला नाही. "शेठ, यांना ऐकाय येत नाय. दोन-तीन वरसं झाली. कानाशी वरडलं तर थोडं कळतं. वाजवतात ते पायानं नि बोटानं. बँडमधी कोणाला ठाव नाय, कळलं तर कोण बोलवेल? फोनात भरून आणतात ते मी ऐकते, आणि बरं झालं का वंगाळ ते सांगते. दुसऱ्या कोणाचं मानत नाय ते. आज तुम्ही मला खोटी पाडली."

त्या गेल्या. मी खुर्चीत बसलो. मालगाडीचा हॉर्न, पेटीला लावलेला पाय, तोंडावर रोखलेले डोळे, रुमालातला मोबाइल, सगळं एकामागून एक समोर यायला लागलं. दोन वर्षं मी त्या माणसाला लबाड समजत होतो, आणि तो फक्त स्वतःचं काम कसं झालं ते बायकोकडून तपासून घेत होता. माझी मलाच शिसारी आली. मी उठलो आणि धावत सुटलो.

तलासरीच्या जीप लागतात तिथे एक भरलेली जीप निघायच्या बेतात होती. मागच्या बाजूला, दाराशी मामा, शेजारी मामी. दोघांच्या मध्ये पिशवी. पलीकडे ढोलकी मांडीवर घेतलेले दोघे जण होते. मामा ज्या बँडमध्ये वाजवायचे त्यातलेच. मी जीपच्या दांडीला धरून, धापा टाकत, हळू आवाजात म्हटलं, "मामा, ते तुम्हीच वाजवलंय."

"काय?"

मी ओठ नीट हलवून पुन्हा म्हटलं. मला धाप लागली होती, त्यांना काही उमगलं नसावं. ढोलकीवाले आमच्याकडे बघत होते. मामांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोठ्यानं बोला शेठ," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाय."

जीपमधल्या सगळ्या माना वळल्या. मामी काही बोलायला गेल्या, मामांनी हातानेच थांबवलं.

मग मी ओरडलो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, भर रस्त्यात, "तुम्हीच वाजवलंय! तुमच्या जुन्या गाण्यांतून मी कापून घेतलं! तुम्हाला न विचारता! मामी खरं बोलतात!" पानवाला टपरीतून बाहेर आला. रिक्षावाले बघायला लागले. मी पुन्हा एकदा ओरडून सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा आवाज चिरकला होता.

मामांनी मान हलवली. माझ्यावर संतापले नाहीत, मला शिवी दिली नाही. मामींकडे वळून म्हणाले, "बराबर ऐकलंस तू." आणि मामींनी दोघांच्या मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ड्रायव्हरने जीप काढली.

त्यानंतर मामांना मी पाहिलं नाही. बँडवाल्यांनी कीबोर्डवर बेस वाजवणारा घेतला, एवढं कानावर आलं. ढोलकीवाल्या दोघांनी त्या दिवशी जे ऐकलं त्याचा तो परिणाम, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या एका खोटेपणाची भरपाई त्यांनी स्वतःचं काम घालवून केली, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. त्यांच्या जुन्या लाइनना मी पुन्हा हात लावला नाही.

भातकापणीच्या दिवसांत मामींचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही.

"यांनी विचारलंय. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला एक बोट मागं पडतंय. ते यांचं का तुमच्या कापण्याचं?"

मी म्हटलं, बघून सांगतो, फोन ठेवू नका. फाइल उघडली. नव्या गाण्यात ती जागा सापडली. मामींचे कान पक्के. मग जुन्या गाण्याची मूळ लाइन काढून तीच जागा ऐकली. तीनदा ऐकली. कापणी साफ होती. बोट मुळातच उशिरा पडलेलं होतं.

खरं सांगतो, माझ्या तोंडावर आलं होतं की चूक माझी. किती सोपं होतं! म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं, आणि इतकं नुकसान केल्यावर एखादी चूक अंगावर घेतली तर मलाही हलकं वाटलं असतं. पण पलीकडे ती बाई कान लावून उभी होती, आणि तिच्या कानांना मी एकदा खोटं पाडून बसलो होतो.

"मामी," मी म्हटलं, "बोट त्यांचं आहे. कापण्याचं नाही."

त्यांनी ते वाक्य मामांच्या कानात ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग फोन कशाला तरी घासल्यासारखा आवाज झाला, आणि मामांचा आवाज आला, स्वतःचं बोलणं ज्याला ऐकू येत नाही त्याचा असतो तसा, फार मोठा.

"शेठ, मी बोलतो. तुम्ही बोलू नका, मला कळणार नाय. बोट माझंच होतं. वाजवताना बोटाला कळतं ने. तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं."

मी फोन कानाला धरून खिडकीशी गेलो.

"आता मी गिटार काढत नाय," मामा म्हणाले. "तुमच्याकडं जे भरून ठेवलंय ते वापरा. कापा, जोडा, काय करायचं ते करा. फक्त ते बोट घेऊ नका."

"हो मामा," मी म्हटलं.

पलीकडून काही नाही. फोन चालूच होता. मागे भात झोडपत असल्याचा आवाज येत होता. मी आवाज चढवून म्हटलं, "हो मामा, नाही घेणार." तरी काही नाही. खाली गोदामाच्या दारात खोके भरणाऱ्या बायका काम थांबवून वर बघायला लागल्या. मामींना मध्ये घालावं, हे मला सुचलंच नाही. मामा तिकडे फोन कानाला धरून उभे असावेत, आणि मी इकडे खिडकीत उभा राहून मोठमोठ्याने हो म्हणत होतो.